पोलिसांच्या कमरेची जुनी रिव्हॉल्व्हरं : निवडायची कशी, तपासायची कशी

अमेरिकेतल्या कुठल्याही गन शोमध्ये (बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनात) जा, ‘हे एका शेरीफचं होतं’ हे वाक्य इतक्या टेबलांवर ऐकू येतं की सगळं खरं धरलं तर त्या काळात चोरांपेक्षा शेरीफच जास्त भरतील. विकणारा खोटं बोलतोय असंही नाही. त्याला ज्याने विकलं त्याने तसं सांगितलेलं असतं. पण त्या एका वाक्यापायी तीनशे डॉलरच्या वस्तूचे नऊशे होतात, आणि घरी आल्यावर हातात उरतं ते तीनशेचंच रिव्हॉल्व्हर.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात टूलरूममध्ये हात काळे करून नंतर इकडे पेनसिल्व्हेनियात आलो. मामा फौजदार होते, त्यांच्या कमरेला दोरीने अडकवलेलं वेब्ली रिव्हॉल्व्हर असायचं. हात लावायची सोय नव्हती. ती हौस इथे भागवतोय. माझ्याकडे कुठल्याही नामांकित माणसाचं हत्यार नाही आणि मला ते नकोही आहे. गस्तीवरच्या साध्या शिपायांची, खात्याचा शिक्का असलेली, कातड्याला घासून कडा पांढऱ्या पडलेली रिव्हॉल्व्हरं मी घेतो. ज्यांना हा नाद लावून घ्यायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि सगळं एका गोष्टीभोवती फिरतं : सांगोवांगीला पैसे द्यायचे नाहीत, धातू आणि कागद जे सांगतील त्याला द्यायचे.

आधी कायदा, विशेषतः आपल्या लोकांसाठी

एच-वन-बी, एल-वन, एफ-वन यांपैकी कुठल्याही व्हिसावर असाल तर इथेच थांबा. फेडरल कायद्याने अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक वा गोळी जवळ बाळगायला बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असणाऱ्यांना त्यात अपवाद आहे, पण त्या अपवादाच्या जोरावर संग्रह उभा करणं म्हणजे ग्रीन कार्डाच्या फायलीवर स्वतःच्या हाताने शाई सांडणं. ज्याला घाई आहे त्याने आधी वकिलाचे पैसे भरावेत. ग्रीन कार्ड हातात आलं की मात्र नागरिकासारखीच खरेदी करता येते.

त्यानंतर राज्याचा कायदा. पेनसिल्व्हेनियात दोन खासगी माणसांतला हँडगनचा व्यवहारसुद्धा परवानाधारक दुकानदाराकडून किंवा शेरीफच्या कचेरीतून करावा लागतो, आणि पार्श्वभूमीची तपासणी राज्य पोलिसांच्या यंत्रणेतून होते. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी आधी खरेदीची परवानगी काढावी लागते. न्यूयॉर्कात परवान्यावर एकेका हत्याराची नोंद असते. मॅसॅच्युसेट्सची तऱ्हा आणखी निराळी. शेजारच्या राज्यात राहणाऱ्या मित्राचं ऐकून काही करू नका.

संग्राहकाच्या कामाची दोन कलमं मात्र देशभर सारखी आहेत. १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार फेडरल कायद्यात ‘अँटिक’ ठरतं, त्याला बंदुकीचे बहुतेक नियम लागू होत नाहीत. आणि पन्नास वर्षांहून जुनं, मूळ स्वरूपातलं हत्यार ‘क्युरिओ अँड रेलिक’ गटात येतं. या गटासाठी संग्राहकाचा वेगळा परवाना मिळतो, शून्य-तीन प्रकारचा. फी ३० डॉलर, मुदत तीन वर्षं, वयाची अट एकवीस. अर्ज एटीएफ या बंदुकांवर देखरेख करणाऱ्या फेडरल खात्याकडे जातो आणि त्याची एक प्रत गावच्या पोलीसप्रमुखाला द्यावी लागते. हा परवाना असला की दुसऱ्या राज्यातून जुनं रिव्हॉल्व्हर थेट तुमच्या दारात येऊ शकतं. एरवी ते तुमच्याच राज्यातल्या दुकानदाराकडे मागवून, तिथे ४४७३ नंबरचा फॉर्म भरून उचलावं लागतं. राज्याचा कायदा आडवा येत नाही ना, तेवढं या परवान्यानंतरही पाहावं लागतं.

परवान्याबरोबर एक वही ठेवणं बंधनकारक आहे : कधी आलं, कुणाकडून आलं, बनवणारी कंपनी, मॉडेल, नंबर, कॅलिबर (नळीच्या भोकाचं माप), आणि गेलं तर कुणाकडे गेलं. ही वही मनापासून लिहा. आणि परवाना संग्रहासाठी आहे, धंद्यासाठी नाही. आज घेतलं, उद्या नफ्याने विकलं असं चालू केलंत तर दुकानदाराचा परवाना काढावा लागेल.

पन्नास वर्षांची अट सरकती असल्यामुळे मजा अशी की सत्तरच्या दशकातली पोलीस रिव्हॉल्व्हरं दरवर्षी या गटात येताहेत. माझ्या भागात लोक अजून त्यांना ‘जुना माल’ म्हणतात, ‘संग्रह’ म्हणत नाहीत. म्हणून भाव अजून बरे आहेत.

कॅनडातल्या मंडळींना ऑक्टोबर २०२२ पासून हँडगनची खरेदी-विक्रीच गोठवलेली आहे. ब्रिटनमध्ये १९९७ नंतर साधारण माणसाला हँडगन नाहीच, कालबाह्य कॅलिबरची अँटिक तेवढी शोभेला ठेवता येतात. भारतात २०१९च्या दुरुस्तीपासून एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं, तेव्हा संग्रहाचा प्रश्न तिथेच मिटला.

आणखी एक, आणि हे अगदी कळकळीने. ज्या बॅगेतून रेंजवर गोळ्या नेता ती बॅग भारतात जाताना कधीही वापरू नका. शिवणीत अडकून राहिलेली एक जिवंत गोळी विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये दिसली की आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो. ‘साहेब, चुकून राहिली’ हे नंतर कोर्टात सांगत बसावं लागतं.

कुठून सुरुवात करायची

थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधी न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळावर होते. तोवर तिथले शिपाई ज्याला जे मिळेल ते खिशात घालून फिरत. रूझवेल्टांनी १८९६ मध्ये कोल्टचं ‘न्यू पोलीस’, .३२ कॅलिबरचं, सगळ्यांसाठी एकच ठरवलं आणि नेमबाजीचं शिक्षणही सुरू करवलं. अमेरिकन पोलीस रिव्हॉल्व्हरचा संग्रह इथून सुरू होतो असं मी मानतो. हे मॉडेल १९०७ पर्यंत बनलं, म्हणजे पहिल्या दोन-तीन वर्षांतलं असेल तर अँटिक आणि पुढचं असेल तर नाही. हातात घेतल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. नंबरावरून साल काढल्याशिवाय यात उडी मारू नका.

त्यानंतरचं शतक जवळजवळ दोन कारखान्यांचं आहे. हार्टफर्डचं कोल्ट आणि स्प्रिंगफील्डचं स्मिथ अँड वेसन. दोन्ही गावं कनेक्टिकट नदीच्या काठावर, एकमेकांपासून तासाभराच्या आत. कोल्टने ‘पोलीस पॉझिटिव्ह’ आणलं, मग १९२७ मध्ये ‘ऑफिशियल पोलीस’ आणि साध्या वेशातल्या गुप्तहेरांसाठी दोन इंच नळीचं ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’. स्मिथचं ‘मिलिटरी अँड पोलीस’ १८९९ पासून चालू होतं. १९५७ मध्ये कंपनीने मॉडेलांना आकडे दिले तेव्हा त्याचं नाव ‘मॉडेल १०’ झालं. साठ लाखांच्या वर बनलं. नवख्या माणसाने सुरुवात यानेच करावी. स्वस्त, मजबूत, सुटे भाग मिळतात, आणि देशातल्या असंख्य खात्यांनी वापरलेलं असल्यामुळे शिक्क्यांची विविधता भरपूर. कॅनडाच्या माउंटेड पोलिसांनी १९५४ पासून पाच इंची नळीचं मॉडेल १० वापरलं. अमेरिकन खात्यांत चार इंच नेहमीची, त्यामुळे पाच इंची नळी दिसली की मी मूठ वळवून मागच्या पट्टीवर त्यांचा शिक्का आहे का ते बघतोच.

दुसऱ्या महायुद्धातलं स्मिथचं ‘व्हिक्टरी’ मॉडेल हाही चांगला रस्ता आहे. नंबराच्या आधी व्ही अक्षर असतं. युद्धानंतर जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या पोलिसांना हीच दिली गेली, म्हणून त्यांवर जर्मन पोलिसांचे शिक्के सापडतात. पण इथे एक धोका आहे. ब्रिटिशांसाठी बनलेली व्हिक्टरी .३८ स्मिथ अँड वेसन या आखूड, जरा जाड काडतुसाची होती. पुढे लष्कराचा उरलेला माल विकणाऱ्यांनी त्यांचे चेंबर (सिलिंडरमधली काडतूस बसायची भोकं) रीमर घालून लांब केले आणि .३८ स्पेशल म्हणून विकली. स्पेशलचं काडतूस लांब पण बारीक. ते त्या रुंद भोकात ढिलं बसतं, झाडल्यावर काडतुसाची पितळी केस फुगते, कधी उभी फाटते. कॅलिपर घेऊन चेंबरच्या तोंडाचा आणि मागचा व्यास मोजा. टूलरूमवाल्याला हे दोन मिनिटांचं काम.

दुर्मीळ म्हणावं तर १९३५चं ‘रजिस्टर्ड मॅग्नम’. .३५७ मॅग्नम काडतूस याच्याबरोबरच जन्मलं. पहिलं रिव्हॉल्व्हर ८ मे १९३५ रोजी एफबीआयच्या जे. एडगर हूव्हरला भेट दिलं. गिऱ्हाईक नळीची लांबी साडेतीन इंचापासून पावणेनऊ इंचांपर्यंत पाव-पाव इंचाने सांगू शकत होतं, आणि प्रत्येकाला नोंदणी प्रमाणपत्र मिळायचं. ही नोंदणी १९३९ मध्ये बंद झाली. साडेपाच हजारांच्या आसपास बनली. कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी यातली घेतली होती. सिलिंडर बाहेर काढल्यावर फ्रेममध्ये जी खाच दिसते तिथे ‘रेग’ अशी अक्षरं आणि नोंदणीचा आकडा असतो. चांगल्या नमुन्याची किंमत पाच आकडी डॉलर, त्यामुळे मी ते काचेच्या पलीकडूनच पाहिलंय. पोलिसांच्या हातात पुढे याच घराण्यातली साधी भावंडं आली : १९५४चं ‘हायवे पेट्रोलमन’, जे झगमगीत पॉलिशवर पैसे वाचवून स्वस्त केलेलं होतं, आणि १९५५चं ‘कॉम्बॅट मॅग्नम’, ज्याच्यामागे बॉर्डर पेट्रोलच्या बिल जॉर्डनचा आग्रह होता. पन्नास वर्षं ओलांडलेली ही दोन्ही आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत.

एवढा माल बाजारात आला कसा, तर एप्रिल १९८६ मध्ये मायामीत एफबीआयचे दोन एजंट चकमकीत मारले गेले. त्या दिवशी बहुतेक एजंटांकडे रिव्हॉल्व्हरं होती. त्यानंतर खात्यांचा ओढा ऑटोमॅटिककडे वाढला आणि जुनी रिव्हॉल्व्हरं नव्या पिस्तुलांच्या बदल्यात घाऊक व्यापाऱ्यांकडे गेली. काही शहरांनी ती वितळवून टाकली. न्यूयॉर्कात शेवटची रिव्हॉल्व्हरं तर २०१८ पर्यंत कमरेला होती.

टेबलावर हातात घेतल्यावर

आधी रिकामं आहे ते स्वतः बघा, विकणाऱ्याने सांगितलं तरी. सिनेमातल्यासारखा मनगटाचा झटका देऊन सिलिंडर आत घालू नका. त्याने क्रेन (सिलिंडरला आतबाहेर नेणारा हात) वाकते आणि शेजारचे संग्राहक तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात ती मामांच्या नजरेपेक्षा वाईट असते.

खऱ्या पोलीस रिव्हॉल्व्हरची झीज ओळखता येते. वर्षानुवर्षं कमरेला राहिलेलं पण क्वचित झाडलेलं असं ते असतं. नळीचं टोक आणि सिलिंडरच्या पुढच्या कडा पांढऱ्या पडलेल्या, मुठीची लाकडी पट्टी एका बाजूला ठेचलेली (गाडीचं दार, खुर्चीचा हात, भिंत), मागची पट्टी घामाने तपकिरी. आणि आतलं काम मात्र घट्ट. हॅमर हळूहळू मागे ओढत प्रत्येक चेंबरला सिलिंडर वेळेत कुलूपबंद होतो का ते सहाही वेळा पाहा. ट्रिगर दाबून धरून सिलिंडर पुढेमागे हलवा. नळीतून उजेडाकडे बघा. आत काळी कडी दिसली तर कधीतरी गोळी अडकून नळी फुगलीय. कॉम्बॅट मॅग्नम असेल तर नळीचा मागचा भाग खालून तपासा. तिथे क्रेनला जागा द्यायला धातू सपाट केलेला आहे आणि हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्यांनी तिथेच तडा जातो. बाहेरून अप्रतिम आणि आतून ढिलं असं रिव्हॉल्व्हर मला शंकास्पद वाटतं. ज्याने खूप झाडलं त्याने वरून मुलामा चढवलेला असू शकतो.

मुलामा ओळखायची खूण हॅमर आणि ट्रिगरवर असते. स्मिथचे हे दोन भाग केस-हार्डन केलेले (वरचा थर कडक केलेले) असतात, तेलाच्या तवंगासारखे रंग दिसतात. तेच काळेनिळे झाले असतील तर कुणीतरी सगळं एकत्र बुडवलंय. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोल झाल्यात का, कंपनीचा छाप पुसट झालाय का, तेही बघा. मुठीच्या तळाशी नंबराशेजारी छोटा तारा असेल तर ते कारखान्यात परत गेलं होतं. त्याने किंमत उतरते, पण ते लबाडीचं लक्षण नाही. युद्धापूर्वीच्या स्मिथवर नंबर मुठीच्या तळाशी, नळीच्या खालच्या अंगाला, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि उजव्या लाकडी पट्टीच्या आतल्या बाजूलाही असतो. विकणारा पट्टी काढू देत नसेल तर त्याच्याकडून काही घेऊ नका.

आता शिक्का. सगळी किंमत इथे चढते म्हणून सगळी लबाडीही इथेच होते. माझ्या खिशात दहा पट भिंग असतं. ठोकशाने अक्षर उमटवलं की धातू कुठेतरी जातो. तो कडेला ओठासारखा वर येतो. टूलरूममध्ये आपण त्याला बर म्हणतो. खात्याच्या शस्त्रागारात १९४० मध्ये मारलेल्या शिक्क्याचा हा ओठ पुढची तीस-चाळीस वर्षं तळहाताने आणि कातड्याने झिजवलेला असतो. बोट फिरवलं तर लागत नाही. आजूबाजूचा धातू झिजून गुळगुळीत, पण अक्षराची कड नखाला लागतेय, असं असेल तर अक्षर नंतर आलंय. दुसरी परीक्षा गंजाची. पृष्ठभागावर जुन्या गंजाचे खड्डे असतील तर ते अक्षराच्या आतही उतरलेले असायला हवेत. खड्डा अक्षराच्या कडेशी येऊन एकदम तुटलाय आणि अक्षराचा तळ स्वच्छ आहे, म्हणजे आधी गंज आणि मग शिक्का. तिसरी परीक्षा वासाची. घरगुती कोल्ड ब्लू (धातू काळानिळा करायचं रसायन) लावून चकाकता तळ काळा केलेला असेल तर बोटाने जोरात चोळा आणि बोट हुंगा. तो उग्र वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

जुन्या काळी पैसा-सोनं पोचवणाऱ्या एक्स्प्रेस कंपन्यांचे आणि शेरीफांचे शिक्के सर्वांत जास्त खोटे सापडतात. त्यांतल्या वेल्स फार्गोच्या नावाचा ठोकशा तर कुणाच्याही गॅरेजमध्ये असेल असं वाटावं इतका माल फिरतोय. ‘फिट्झ स्पेशल’ची कथा वेगळी. कोल्टचा जॉन हेन्री फिट्झगेराल्ड ट्रिगर गार्डचा पुढचा भाग कापून, हॅमरचं टोक छाटून खिशातली रिव्हॉल्व्हरं तयार करायचा. आता यात कौशल्य होतं, पण करवत आणि कानस ज्याच्याकडे आहे तो कुणीही ते करू शकतो. तिथे भिंग चालत नाही, कारखान्याचं पत्रच लागतं.

कागद

कोल्टचा अभिलेख विभाग आणि स्मिथ अँड वेसनचं हिस्टॉरिकल फाउंडेशन नंबरावरून पत्र देतात. स्मिथच्या पत्राला साधारण शंभर डॉलरच्या आसपास पडतात, कोल्टचा दर मॉडेलप्रमाणे बदलतो. पत्रात नळीची लांबी, फिनिश, पट्ट्यांचा प्रकार, कारखान्यातून निघाल्याची तारीख आणि कुणाला पाठवलं एवढं येतं. शिपायाचं नाव येईलच असं समजू नका. बहुतेक माल एखाद्या मोठ्या दुकानदाराकडे जायचा आणि खातं तिथून घ्यायचं. न्यूयॉर्कात तर शिपाई स्वतःच्या पैशाने रिव्हॉल्व्हर विकत घेत. त्यामुळे पत्रावर ‘पोलीस’ हा शब्द नाही म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. मात्र पत्रातली तारीख शिक्क्याच्या गोष्टीशी जुळलीच पाहिजे. खात्याने १९२५ मध्ये दिलं असं सांगतात आणि कारखान्यातून निघालंय १९३१ साली, तर पुढे बोलायचं कारण नाही.

पत्रानंतर गावाकडे वळा. अमेरिकेत सरकारी नोंदी मागायचा हक्क आहे, आपल्या माहिती अधिकारासारखाच, फक्त प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावच्या खात्याचं मॉडेल १० मला मिळालं, मागच्या पट्टीवर तीन अक्षरं आणि आकडा. अर्जात मी फक्त नंबर दिला आणि हत्यारांच्या जुन्या नोंदवहीचं पान मागितलं. तिथल्या क्लार्क बाईंनी तळघरातून वही काढली, पानाची प्रत पाठवली. ओळीत आठ नंबर लागोपाठ, समोर बिल्ला क्रमांक, दोनदा खोडून बदललेले, आणि शेवटी ‘बदल्यात दिलं’ असा शेरा. माझ्या दृष्टीने ते पान रिव्हॉल्व्हरहून मोलाचं आहे, आणि खर्च आला पोस्टाचा. तुटक उत्तर आलं तर निवृत्त पोलिसांच्या संघटनेकडे विचारा. म्हातारी माणसं आनंदाने बोलतात, गटाचा जुना फोटो देतात. निवृत्ताने स्वतःच्या हाताने नंबरासकट लिहून, नोटरीसमोर सही केलेला कागद चालतो. ‘आजोबा सांगायचे’ हे चालत नाही, आजोबा कितीही सज्जन असोत.

खात्यातून ते रीतसर बाहेर पडलंय का हेही याच वेळी कळतं. बदल्यात दिल्याचा वा लिलावाचा पुरावा नाही आणि शिक्का ताजा, अशा वेळी पैसे देण्याआधी दुकानदारामार्फत नंबर चोरीच्या यादीत नाही ना ते तपासून घ्या.

कागदाची साखळी किती पुढे नेते ते पाहायचं तर पॅट गॅरेट. न्यू मेक्सिकोतल्या लिंकन काउंटीच्या या शेरीफने १४ जुलै १८८१ रोजी ज्या कोल्टने बिली द किड या कुप्रसिद्ध गुंडाला मारलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात साठ लाख डॉलरच्या वर गेलं. तसल्याच सालातलं, तसल्याच स्थितीतलं निनावी कोल्ट त्याच्या शतांशालाही जात नाही. फरक कशाने पडला? गॅरेटच्या हातात ते आलं बिलीच्या साथीदाराकडून, जप्तीत. पुढे ते टेक्सासमधल्या एल पासोच्या एका सलूनमध्ये भिंतीवर लटकत होतं, गॅरेटच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेला ते परत मिळवायला कोर्टात भांडावं लागलं, आणि त्या भांडणामुळेच मालकीची नोंद पक्की झाली. दरोडेखोर बॉनी पार्करच्या मांडीला चिकटपट्टीने बांधलेलं डिटेक्टिव्ह स्पेशल २०१२ मध्ये २ लाख ६४ हजार डॉलरला गेलं, तेही तिला मारणाऱ्या कारवाईचा प्रमुख फ्रँक हेमर याच्या घराण्याकडून आलेल्या कागदांच्या बळावर. आणि याच्या उलट टोकाला बॅट मास्टरसन. डॉज सिटी ज्या फोर्ड काउंटीत आहे तिथल्या या माजी शेरीफने १८८५ मध्ये कोल्टला स्वतः पत्र लिहून निकेलचं, पुढची साइट (नेम धरायची माशी) जरा उंच आणि जाड असलेलं रिव्हॉल्व्हर मागवलं. ते पत्र आजही संग्राहकांना तोंडपाठ आहे. म्हातारपणी न्यूयॉर्कात हाच गृहस्थ गहाणवटीच्या दुकानातून जुनी कोल्ट आणून, मुठीवर खाचा पाडून, मागणाऱ्यांना ‘माझंच’ म्हणून द्यायचा असं सांगतात. तेव्हा मुठीवरच्या खाचा बघून कुणी पैसे मागितले तर हसून पुढच्या टेबलाकडे जा.

घरी आणल्यावर

पॉलिश लावू नका. लोकरीच्या फडक्यावर थोडं तेल, गंजाच्या ठिपक्यावर तेल लावून रात्रभर मुरू द्या आणि तांब्याच्या तुकड्याने अलगद खरवडा, मग वर मेणाचा पातळ हात. साइडप्लेट (आतली यंत्रणा झाकणारी बाजूची पट्टी) उघडायची झाली तर बरोबर मापाचा, समांतर धारेचा स्क्रूड्रायव्हर हवा. स्क्रू काढल्यावर पट्टी उचकटायची नाही. रिव्हॉल्व्हर आडवं धरून मुठीच्या चौकटीवर प्लास्टिकच्या दांड्याने टकटक करा, पट्टी आपोआप वर येते. उचकटली की कडेला कायमचा ओरखडा, आणि पुढचा गिऱ्हाईक तो पहिल्यांदा बघणार.

जुनं होल्स्टर मिळालं तर जरूर घ्या, पण रिव्हॉल्व्हर त्यात ठेवू नका. कातडं ओल धरतं, कमावताना वापरलेले क्षार त्यात असतात, आणि वर्षभरात धातूच्या निळ्या मुलाम्यावर ठिपके पडतात. होल्स्टर कपाटात वेगळं, रिव्हॉल्व्हर कुलुपाच्या तिजोरीत सिलिका जेलच्या पुडीसह, गोळ्या तिसरीकडे. घरात पोरं असोत वा नसोत.

प्रत्येकाच्या पत्राची, पानाची आणि फोटोची प्रत एका फायलीत लावा, मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये. त्या फायलीत पहिल्याच पानावर मी मराठीत लिहून ठेवलंय : कोणतं कितीला घेतलं, आज साधारण किती येतील, लिलावासाठी कुणाला फोन करायचा, आणि अंत्यसंस्काराला येऊन ‘वहिनी, ही जुनी लोखंडं मी घेऊन जातो’ म्हणणाऱ्या मित्राला काय उत्तर द्यायचं.